जुनं कॉइनवालं मेटॅग घरी घ्यावं का? वापरून, उघडून, दुरुस्त करून लिहिलेला रिव्ह्यू

सरळच सांगते, बेसमेंटमध्ये जागा असेल, हातात पाना धरायची आवड असेल आणि पाण्याच्या बिलाचं फार टेन्शन नसेल तर नक्की घ्या. मी बोलतेय ते अमेरिकेतल्या अपार्टमेंटच्या लॉन्ड्री रूममध्ये असायचं ते पांढरं टॉप लोडिंग मेटॅग कंपनीचं वॉशिंग मशीन, वरती क्वार्टर (पंचवीस सेंटची नाणी) उभे करून आत ढकलायची स्लाइड असलेलं. आपल्यापैकी एमएसला आलेल्या कितीतरी जणांनी त्याच्यापुढे क्वार्टर मोजत रविवार काढलेत. आता सगळीकडे कार्डवाली नवी मशीन बसतायत आणि ही जुनी भंगारात निघतात, शंभर डॉलरच्या आत मिळतात, कधीकधी तर नुसतं उचलून न्या म्हणतात.

आम्ही राहतो आयोवात, डे मॉइनला, आणि ही मशीन जिथे बनायची ते न्यूटन गाव इथून पूर्वेला जेमतेम पाऊण तासावर. एफ. एल. मेटॅग आणि भागीदारांनी १८९३ मध्ये तिथे शेतीच्या यंत्रांचा कारखाना काढला, कपडे धुवायचं पहिलं यंत्र १९०७ चं. २००६ मध्ये व्हर्लपूलने कंपनी घेतली आणि २००७ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद झाला, सगळं गाव ज्याच्यावर चालायचं तोच गेला. जॅस्पर काउंटीच्या म्युझियममध्ये मेटॅगची जुनी मशीन मांडून ठेवलीयत, इकडे आलात तर बघाच. त्यामुळे या भागात एक फायदा असा की कोणाचे ना कोणाचे वडील नाहीतर काका त्या कारखान्यात होते आणि मशीनबद्दल विचारलं की माणसं मनापासून सांगतात, वेळ काढून सांगतात.

आता मुद्द्याचं. घरगुती मेटॅग सोडून कॉमर्शियलच, म्हणजे हे नाण्यावालंच का? आतलं यंत्र बरंचसं तेच असतं, पण कॉमर्शियलमध्ये बटणं कमी, सेटिंग कमी, म्हणजे बिघडायला जागाच कमी. पाण्याचं तापमान निवडायचं, क्वार्टर घालायचे, स्लाइड आत दाबायची, झालं. क्वार्टरचं काय करायचं असं सगळे विचारतात. काही नाही, मशीनवर एका डबीत ठेवलेत, तेच परत परत घालतो, खालची पेटी उघडायची किल्ली आपल्याकडेच आहे ना. मुलांना तर कपडे धुवायला टाकायची हौस लागलीय त्याच्यामुळे.

पण मला या मशीनचं खरं वेड लागलं ते खालून बघितल्यावर. प्लग काढायचा, पाण्याचे पाइप सोडवायचे, मशीन आडवं करायचं आणि टॉर्च मारायचा, सगळं समोर दिसतं. एक मोटर, मधली मोठी पुली, पाण्याचा पंप आणि दोन बेल्ट, बस. मोटर एका दिशेने फिरली की ॲजिटेटर (टबाच्या मधला, कपडे घुसळणारा पात्यांचा खांब) मागे-पुढे हलतो, उलटी फिरली की टब गरगर फिरतो. मधली पुली दांड्यावर स्क्रूसारख्या आट्यांवर बसवलेली आहे, मोटर उलटी झाली की ती आट्यांवर वर चढते आणि ब्रेक सोडते, मोटर थांबली की ब्रेकची स्प्रिंग परत दाबते आणि भरलेला टब काही सेकंदात जागच्या जागी थांबतो. इलेक्ट्रॉनिक कार्ड नाही, सेन्सर नाही. आणि क्लच तर नाहीच! मोटर एका सरकत्या पाटावर स्प्रिंगने ओढून धरलेली असते, स्पिन सुरू होताना टब जड असतो म्हणून बेल्ट थोडा वेळ मुद्दाम घसरतो आणि टबने वेग घेतला की पकडतो. एवढ्या साध्या युक्तीवर अर्धशतक मशीन विकली यांनी. ज्या इंजिनिअरला हे पहिल्यांदा सुचलं असेल त्याला मनापासून नमस्कार.

म्हणूनच बेल्टच्या बाबतीत कंजूषी करू नका हे अगदी कळकळीने सांगते. ओरिजिनल बेल्टला बाहेरून कापडाचं आवरण असतं, ते घसरण्यासाठीच दिलेलं असतं. माझ्या मशीनला आधीच्या मालकाने गाडीच्या दुकानातला साधा व्ही बेल्ट बसवला होता, तो पहिल्या क्षणालाच घट्ट पकडायचा, त्यामुळे स्पिन सुरू होताना अख्खं मशीन हिसका खायचं आणि मोटर तापून बंद पडायची. दोन बेल्टचा ओरिजिनल सेट मागवला, पार्ट नंबर १२११२४२५, लिहून ठेवा. आधी पंपाचा बेल्ट काढायचा मग मोठा, दोन्ही हातानेच निघतात, पाना पण लागत नाही. मोटरचा पाट साफ करून त्याच्या सरकपट्ट्यांना ग्रीस लावलं आणि स्पिन जो मऊ सुरू झाला ना, ऐकत राहावंसं वाटलं.

बाकी डागडुजी वेळखाऊ आहे पण अवघड नाही. समोरचा पत्रा खालच्या दोन स्क्रूवर निघतो, मग आतले दोन काढले की वरचं झाकण गाडीच्या बॉनेटसारखं मागे उघडतं. तिथे वर्षानुवर्षांचा साबणाचा थर असतो, राखाडी, चिकट, हॉटेलच्या मोरीत असतो तसला वास. गरम पाणी, सोडा आणि जुना टूथब्रश घेऊन बसायचं, दुसरा उपाय नाही. ॲजिटेटर दांड्यावर घट्ट बसलेला असेल तर टबात कडक गरम पाणी भरून थोडं थांबायचं आणि खाली पट्टा अडकवून सरळ वर ओढायचं, तिरकं ओढलं तर फुटतो. टबाला पोर्सेलिनचा मुलामा आहे, तो शाबूत असेल तर टब घासल्यावर नव्यासारखा चकचकतो, टवके उडालेले असतील तर इपॉक्सी लावता येतं पण ते फार टिकत नाही. टबाखालचे डॅम्परचे (हादरे शोषणारे) पॅड झिजले की मशीन कण्हल्यासारखा आवाज करतं, ते बदलायला जरा खटपट आहे. सगळ्यात किचकट म्हणजे टबाचं सील. त्याच्या नटला खास पाना लागतो आणि नट गंजलेला असतोच असतो, नवं सील मिळणंही आता कठीण होत चाललंय, म्हणून मी गॅरेजमध्ये एक बंद मेटॅग फक्त पार्टसाठी ठेवलंय. (त्याच्या शेजारी एक रिंगरवालं पण आहे, कपडे दोन रोळांमधून पिळून काढणारं, तसली मेटॅगने १९८३ पर्यंत बनवली. ते विकायचं नाहीये, कोणी विचारू नका.)

धुलाई? टॉवेल, चादरी, सुती कुर्ते, हळदीची स्वयंपाकघरातली फडकी, एक नंबर. पाणी भरपूर, ॲजिटेटर जोरदार आणि अर्ध्या-पाऊण तासात काम संपतं, नव्या फ्रंट लोडसारखं दीड तास बघत बसावं लागत नाही. स्पिन ६१८ आरपीएमचा, म्हणजे आजच्या मानाने कमीच, कपडे जरा ओले निघतात आणि ड्रायर जास्त वेळ चालतो. रेशमी, जरीचं काही यात अजिबात टाकू नका. आणि पाणी, एका फेरीला ४० गॅलनच्या आसपास, म्हणजे दीडशे लिटर. माझी आई सांगलीहून आली होती, तिला कपडे आवडले पण ड्रेनमधून जाणारं पाणी बघून जीव तळमळला तिचा, आणि ते बरोबरच आहे. म्हणून आम्ही अर्धवट भरलेलं मशीन कधीच लावत नाही.

मोठी फ्रंट लोड कॉमर्शियल मशीन घ्यायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण त्यातली हार्ड माउंटवाली जाड काँक्रीटमध्ये बोल्ट मारून बसवावी लागतात, बरीच थ्री फेजवर चालतात, घरच्या फरशीवर त्यांना स्पिन लावणं धोक्याचं आहे. सुरुवातीला मेटॅगच बरं, सपाट फरशी आणि अर्थिंगवाला ११० चा सॉकेट पुरतो. भारतात न्यायचा विचार करणाऱ्यांनी मात्र सोडून द्या. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जमेल पण मोटर ६० हर्ट्झची आहे, आपल्याकडे ५० वर ती साधारण १७ टक्के हळू फिरेल, तापेल आणि टायमरही मागे पडेल.

बघायला गेलात तर विक्रेत्याला मशीन चालवून दाखवायला लावा. स्पिन पूर्ण वेगात असताना झाकण उघडा, टब काही सेकंदात थांबला पाहिजे, नुसताच फिरत राहिला तर ब्रेक गेलाय. खाली वाकून तेल टपकतंय का बघा, टपकत असेल तर गिअरबॉक्सचं सील गेलंय आणि ते काम नवशिक्याचं नाही. तळाचा पत्रा गंजून भोकं पडलेला असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. आणि नाण्यांच्या पेटीची किल्ली आहे का ते पैसे द्यायच्या आधी विचारा, कारण ते कुलूप चोरांसाठी बनवलेलं आहे, किल्ली नसेल तर ड्रिलच मारावं लागतं आणि लोखंड चांगलंच कडक असतं.