रेडिओहेडचा ‘इन रेनबोज’: काही महिने सतत ऐकल्यानंतर

रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडच्या ‘इन रेनबोज’मधली बहुतेक गाणी मुद्द्यावर यायला वेळ लावतात आणि या अल्बमची सगळी गंमत त्या वेळ लावण्यातच आहे. त्यामुळे तो कशावर, किती आवाजात आणि कुठल्या सेटिंगवर ऐकता याने फार फरक पडतो. स्ट्रीमिंग, सीडी आणि रेकॉर्ड अशा तिन्ही प्रकारे बरेच महिने वाजवल्यानंतरचा हा अनुभव.

ऑक्टोबर २००७ मधला ‘हवे तेवढे पैसे द्या’वाला अल्बम तो हाच. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी असलेला करार संपलेला होता. बँडने १० ऑक्टोबरला गाणी स्वतःच्या साइटवर ठेवली आणि किंमत घेणाऱ्याने टाकायची होती, शून्यसुद्धा चालत होतं. त्या चर्चेत गाणी बिचारी मागे पडली. तेव्हा मिळालेल्या फायली १६० केबीपीएसच्या, म्हणजे बारकावे गाळून लहान केलेल्या, एमपीथ्री होत्या आणि कित्येकांच्या जुन्या हार्ड डिस्कवर अजून त्याच पडून आहेत. त्या बदलाच. ‘रेकनर’च्या सुरुवातीला झांजा आणि खुळखुळ्यासारखी तालवाद्यं एकात एक मिसळलेली आहेत. सीडीवरून काढलेल्या फ्लॅक फाइलमध्ये (यात आवाजातलं काही गाळलं जात नाही) ती सुटी सुटी ऐकू येतात, जुन्या फाइलमध्ये त्यांची नुसती सळसळ होते.

स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर आधी सेटिंगमध्ये जा. क्रॉसफेड (एक गाणं विरताना त्यावर पुढचं चढवणं) बंद करा, नाहीतर गाण्यांची शेपटं कापली जातात. ऑटोप्ले बंद करा, कारण ‘व्हिडिओटेप’ संपल्या संपल्या अ‍ॅपने स्वतःच्या मर्जीने दुसरंच काहीतरी सुरू करणं म्हणजे छळ आहे. शफलही बंद ठेवा. स्पॉटिफायवर नॉर्मलायझेशन (गाण्यांचा आवाज आपोआप सारखा करणारी सोय) चालू असेल आणि अल्बम क्रमाने वाजत असेल, तर आवाजाची पातळी पूर्ण अल्बमसाठी एकच लागते आणि ‘फाउस्ट आर्प’सारखं शांत गाणं शांतच राहतं. शफलमध्ये प्रत्येक गाण्याची पातळी वेगळी लागते, मग तेच गाणं अंगावर येतं.

आता मोठी तक्रार. सीडीचं आणि स्ट्रीमिंगचं मास्टरिंग (आवाजावरचा शेवटचा हात) बरंच दाबून मोठं केलेलं आहे, म्हणजे हळू आणि मोठ्या भागांतलं अंतर कमी करून एकूण पातळी वर उचललेली आहे. ‘बॉडीस्नॅचर्स’ला ते खपून जातं, ते गाणं मुळातच खरखरीत आहे. ‘ऑल आय नीड’चं मात्र नुकसान होतं. जाडजूड सिंथ-बास, मोजके ठोके, मधूनच ग्लॉकेनस्पील (धातूच्या पट्ट्यांचं किणकिणतं वाद्य), असं सुमारे पावणेतीन मिनिटं रेंगाळल्यावर पियानो आणि झांजा एकदम कोसळतात. बँड एका खोलीत जोरात वाजवतो तेव्हा घुमतो तसा गोंगाट बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवूड याला इथे हवा होता, म्हणून त्याने तंतुवाद्यांकडून सप्तकातला प्रत्येक स्वर वाजवून घेतला. एवढी तयारी असलेल्या या जागी आवाज जेवढा फुलायला हवा तेवढा फुलत नाही, नुसती दाटी वाढते. उपाय सोपा आहे. ‘न्यूड’मधला गायक थॉम यॉर्कचा आवाज जेमतेम स्पष्ट ऐकू येईल इतक्यावर बटण लावा आणि शेवटपर्यंत हात लावू नका. मोठ्या आवाजात हा अल्बम विसाव्या मिनिटाला कान थकवतो.

रेकॉर्ड घेणाऱ्यांसाठी. साधी आवृत्ती ३३ आरपीएमची (मिनिटाला ३३ फेरे) एक तबकडी आहे. दोन्ही बाजूंना पाच-पाच गाणी आणि दोन्हीकडे सव्वाएकवीस मिनिटांच्या आसपास ऐवज. पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी, लेबलजवळ, येतं ‘ऑल आय नीड’. सुई आत सरकते तसा खाचेचा वेग घटतो आणि विकृती वाढते, म्हणजे सगळ्यात गच्च भाग सगळ्यात अडचणीच्या जागी येतो. सुई बसवलेल्या कार्ट्रिजचं अलाइनमेंट, म्हणजे खाचेशी असलेला कोन, जरा जरी चुकलं असेल तर त्या शेवटच्या मिनिटात झांजा फाटतात. दोष तबकडीला देण्याआधी प्रोट्रॅक्टर (तो कोन तपासायची पट्टी) लावून बघा. डिसेंबर २००७ मध्ये निघालेल्या ४० पौंडांच्या डिस्कबॉक्स या खास संचामध्ये हाच अल्बम ४५ आरपीएमच्या दोन तबकड्यांवर आहे आणि तिथे हा त्रास बराच कमी जाणवतो. मात्र दर दोन-तीन गाण्यांनी उठावं लागतं.

तालाकडे लक्ष दिलं की अल्बम दुसऱ्यांदा उघडतो. ‘फिफ्टीन स्टेप’ पाच मात्रांचं आहे. दोन आवर्तनं धरली की झपतालाइतक्या दहा मात्रा भरतात, पण त्यात खाली शोधू नका. पहिल्या ठोक्यावर टाळी धरून नुसतं पाच मोजत राहा, गिटार आल्यावर आपोआप बसतं. ‘न्यूड’ सहाच्या हिशोबात डुलतं. बँडने ते नव्वदच्या दशकात, ‘ओके कॉम्प्युटर’ या आधीच्या अल्बमच्या काळातच लिहिलं होतं आणि १९९८ च्या दौऱ्यात वाजवलंही होतं, पण मनासारखं रेकॉर्ड व्हायला पुढची कित्येक वर्षं गेली. तिढा सुटला तो बऱ्याच अंशी कॉलिन ग्रीनवूडच्या बास गिटारने. २००८ मध्ये बँडने या गाण्याचे पाच ट्रॅक सुटे विकले होते: आवाज, बास, गिटार, ड्रम आणि तंतुवाद्यं वगैरे. त्यातला बास एकटा ऐकायला मिळाला तर सोडू नका, गाण्याची चाल त्याच्याच खांद्यावर आहे.

सगळ्यात मोठी चकवाचकवी शेवटच्या ‘व्हिडिओटेप’मध्ये. पियानोचे चार ठोकळ स्वरसमूह बरोबर ठोक्यावर पडतायत असं वाटतं. खरं तर ते अर्धी मात्रा आधी पडतात आणि खरा ठोका सुरुवातीला कुणी वाजवतच नाही. तपासायचं असेल तर पियानोबरोबर चुटकी न वाजवता त्याच्या किंचित मागून वाजवायला लागा आणि शेवटी येणारे अडखळते ड्रम त्या चुटकीवर बसतात का बघा. दोन-तीनदा तोल जाईल. एकदा पकडल्यावर मात्र ते गाणं पूर्वीसारखं सरळ ऐकता येत नाही, ही किंमत आहे. ‘फ्रॉम द बेसमेंट’ या कार्यक्रमात बँडने वाजवलेली आवृत्ती आधी पाहिली तर काम सोपं होतं.

गिटार वाजवणाऱ्यांची उडी बहुधा ‘वियर्ड फिशेस/आर्पेजी’वर पडते. ई मायनर, एफ शार्प मायनर, ए, जी एवढाच कॉर्डचा मामला आहे, वेग मिनिटाला साधारण १५३ ठोके. चूक एकच होते: तीन गिटारींचे तुकडे एका गिटारीवर कोंबले जातात. यॉर्क, जॉनी आणि एड ओब्रायन प्रत्येकी साधंच वाजवतात, पण त्यांचे स्वरगट एकमेकांवर नेमके पडत नाहीत आणि ती झुळझुळ त्यातून तयार होते. एकच भाग उचला, ११० वर मेट्रोनोम लावा, वेग हळूहळू चढवा. एकटेच असाल तर लूपरवर (वाजवलेला तुकडा पुन्हापुन्हा ऐकवणारं यंत्र) दुसरा भाग टाका. फिल सेल्वेचे ड्रम मात्र गृहीत धरू नका. ते एका लयीत, जराही न ढळता चालतात म्हणून वरची गिटार मोकळी सुटते.

कमजोर जागाही आहेत. ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’ साडेपाच मिनिटांचं आहे आणि चार मिनिटांत सगळं सांगून झालेलं असतं. त्याचा कॅमेऱ्याशिवाय, लेसरने मोजून केलेला व्हिडिओ गाण्यापेक्षा जास्त लक्षात राहतो. ‘फाउस्ट आर्प’ दोन मिनिटांत संपतं, तंतुवाद्यं जमून येतायत तोवर खेळ खलास. स्वस्त इअरबडवर ‘बॉडीस्नॅचर्स’चा चिखल होतो. बास वाढवणारं कुठलंही प्रीसेट (तयार आवाज-सेटिंग) या अल्बमला मानवत नाही.

सीडी जुनी घेत असाल तर आतलं सामान मोजा. ती पुठ्ठ्याच्या पाकिटात येते आणि सोबत स्टिकर असतात, ते लावून रिकाम्या प्लास्टिक डबीचं कव्हर आपण करायचं अशी कल्पना. वापरलेल्या प्रतींत स्टिकर बहुतेकदा चिकटवून संपलेले असतात. वाजण्यात त्याने काही बिघडत नाही, पण किमतीत घासाघीस करायला हरकत नाही. डिस्कबॉक्समधली आठ गाण्यांची दुसरी सीडी वेगळी शोधत बसू नका, ती गाणी नंतर डिजिटल स्वरूपातही निघाली. ‘लास्ट फ्लॉवर्स’ आणि ‘फोर मिनिट वॉर्निंग’ आवर्जून ऐका, बाकीची सावकाश.