तुरिनचं लोम्ब्रोसो संग्रहालय : क्रिमिनॉलॉजी शिकणाऱ्यांनी जरूर बघावं

मी सोलापुरात लॉच्या मुलांना क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीचं शास्त्र, शिकवते. सुरुवातीचा धडा ठरलेला असतो: अठराव्या शतकातला इटालियन विचारवंत बेक्कारिया, मग गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि शरीरावरून ओळखता येतो म्हणणारा एकोणिसाव्या शतकातला इटालियन डॉक्टर लोम्ब्रोसो, मग त्याचे अनुयायी फेरी आणि गारोफालो. ‘जन्मजात गुन्हेगार ही संकल्पना स्पष्ट करा’ हा प्रश्न हमखास येणार म्हणून मुलं पुढे आलेला जबडा, मोठे कान, लांब हात ही लक्षणं घोकून जातात. इटलीला जाणं झालं तेव्हा तुरिन विद्यापीठाचं हे संग्रहालय बघायचंच, असं ठरवलं होतं.

कवट्या, मेणाचे मुखवटे, कैद्यांचे फोटो, जप्त केलेली हत्यारं असं सगळं लोम्ब्रोसोने आयुष्यभर जमवलेलं. त्याचा स्वतःचा सांगाडाही इथेच उभा आहे. देह संग्रहालयाला द्यावा असं तो लिहून गेला होता. संग्रहालय आजच्या रूपात २००९ मध्ये उघडलं. मांडणी करणाऱ्यांनी त्याचं कौतुकही केलेलं नाही आणि त्याला खलनायकही केलेलं नाही. एक हुशार, मेहनती डॉक्टर कुठे आणि का चुकला, हे ते दाखवतात. मला ते फार आवडलं.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती मातीच्या सुरयांपाशी. तुरुंगात पाण्यासाठी मिळालेल्या या साध्या सुरया, आणि त्यांच्यावर कैद्यांनी टोकदार काहीतरी घेऊन चित्रं आणि मजकूर कोरलेला. लोम्ब्रोसोने त्या गुन्हेगारी मनाचा पुरावा म्हणून गोळा केल्या. मला मात्र त्यात बोलायला कुणी नसलेला माणूस दिसला.

विलेल्लाची कवटी बघायला मन घट्ट करावं लागतं. जुझेप्पे विलेल्ला हा दक्षिण इटलीतल्या कलाब्रियातला गरीब माणूस, चोरीच्या आरोपाखाली तुरुंगात गेलेला. त्याच्या कवटीच्या मागच्या भागात आतून एक खळगा दिसला आणि लोम्ब्रोसोने ठरवलं की गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीत मागे राहिलेला माणूस. हे मांडणारा लोम्ब्रोसोचा ग्रंथ १८७६ चा. पुढे १९१३ मध्ये चार्ल्स गोरिंगने इंग्लंडमधल्या सुमारे ३,००० कैद्यांची मापं विद्यार्थी, सैनिक अशा बाहेरच्या लोकांशी ताडून पाहिली आणि गुन्हेगाराची वेगळी शरीररचना काही सापडली नाही. तुलनेला बाहेरची माणसं न घेता नुसती मापं घेत सुटलं की काय होतं, ते इथे कपाटं भरून दिसतं. वर्गात हे मला इतकं नीट कधीच समजावता आलं नव्हतं.

ही कवटी परत मिळावी म्हणून विलेल्लाचं गाव कोर्टात गेलं. २०१२ मध्ये निकाल गावाच्या बाजूने लागला, अपिलात तो फिरला आणि २०१९ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयानेही ती संग्रहालयाकडेच राहू दिली. कायद्याने ते बरोबर असेल, पण मला पटत नाही. चूक समजावून सांगायला कवटीची प्रतिकृती पुरे. त्या माणसाला माती मिळायला हवी.

हे मला इतकं लागलं, कारण आमच्या सोलापुरात सेटलमेंट आहे, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना इंग्रजांनी जिथे डांबलं ती वस्ती. इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, म्हणजे लोम्ब्रोसोच्या ग्रंथाच्याही आधीचा, तेव्हा त्याचं खापर त्याच्यावर फोडता येणार नाही. पण दोन्ही विचार एकाच मुशीतले. पारधी, कैकाडी जन्मानेच गुन्हेगार ठरले आणि अख्खी कुटुंबं तारेच्या कुंपणात डांबली गेली. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की अजूनही आधी पारध्यांच्या पालावर चौकशी होते. विमुक्तांच्या, म्हणजे या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या, केसेस लढणाऱ्या प्रत्येक वकिलाने हे संग्रहालय बघावं असं मला मनापासून वाटतं.

जाण्याआधी बेक्कारियाचा १७६४ चा छोटा ग्रंथ वाचून जा. शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात हवी आणि ती नक्की व्हायला हवी, हे सांगताना त्याला कुणाची कवटी मोजावी लागली नव्हती. दोघांतला फरक लगेच कळतो. लहान मुलांना नेऊ नका. त्याच इमारतीत शरीररचनाशास्त्राचं जुनं संग्रहालय आहे, तेही बघायचं असेल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा.