इटालियन शिकायचंय, मग आधी मिलान की पेरुजा?

मिलानमध्ये घराजवळच्या सुपरमार्केटात चीजच्या काउंटरवर मी धडपडत ‘दुएचेन्तो ग्रामी’ म्हटलं, की पलीकडचा मुलगा ‘टू हंड्रेड?’ विचारून मोकळा व्हायचा. पुडा हातात, विषय संपला. पुढे मध्य इटलीतल्या पेरुजात तेच वाक्य टाकलं, तर काउंटरवरच्या बाई सुरी खाली ठेवून म्हणाल्या, ‘दुए एत्ती.’ एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम; तिथे चीज, मांस सगळं याच मापात मागतात. मी मान डोलावली. बाई हलेनात. मी तोंडाने ‘दुए एत्ती’ म्हटलं तेव्हा कुठे सुरी चालली. मागे चार माणसं उभी होती, कुणी हूं की चूं केलं नाही.

मला विचाराल तर या दोन शहरांतला खरा फरक हा. भाडं-बिडं नंतर.

पण भाडंही बघायला लागतंच. मिलान भाड्याच्या बाबतीत इटलीतलं सगळ्यात महाग शहर. तिथे एका खोलीला जे पैसे जातात, त्यात पेरुजात बऱ्यापैकी ऐसपैस राहता येतं. बदल्यात मिलान देतं ते असं: मेट्रोच्या पाच लाइन, इंग्रजीतून शिकवणारे मास्टर्सचे अभ्यासक्रम, नोकऱ्या, आणि व्हिया पादोवाच्या आसपास तूरडाळ-मसाल्यांची दुकानं. पेरुजा टेकडीवर वसलंय. गावात चढायला सरकते जिने आहेत आणि ते सोळाव्या शतकातल्या पोपच्या किल्ल्याच्या पोटातून जातात. 2008पासून मिनीमेत्रो नावाची चिमुकली गाडीही आहे. तरी गुडघे दुखत असतील तर विचार करा. हिवाळ्यात वरच्या गल्ल्यांतून वारा असा घुसतो की पुण्याची थंडी आठवून हसू येतं. रोमला रेल्वेने अडीच-तीन तास. पाव अळणी, त्या भागात पावात मीठ घालतच नाहीत. डाळीची निवड तुटपुंजी, पण साध्या दुकानात ‘फारिना दि चेची’ मिळतं, म्हणजे काबुली चण्याचं पीठ. पिठलं होतं, थोडं वेगळं लागतं इतकंच.

आता वर्ग. पेरुजाचं नाव निघतं ते परदेशी लोकांसाठीच्या विद्यापीठामुळे. तिथले अभ्यासक्रम 1921 साली सुरू झाले. पालात्सो गालेंगा या जुन्या वाड्यात वर्ग भरतात, आणि ‘चेली’ ही प्रमाणपत्राची परीक्षा त्यांचीच. शिकवणं पक्कं, व्याकरण घोटून घेतात. मेख एकच: मधल्या सुट्टीत जगभरची पोरं आपसात इंग्रजीच बोलतात. त्या घोळक्यात अडकलात तर टेकडी चढून उपयोग नाही.

मिलानमध्ये खाजगी शाळा खूप आहेत, पण मी सुचवेन ती चिपिआ, म्हणजे प्रौढांसाठीची सरकारी केंद्रं. फी नाममात्र किंवा नाहीच. पहिल्या पायरीला, ए-वनला, साधारण 100 तास, ए-टूला 80. माझ्या वर्गात इजिप्तचे, पेरूचे, चीनचे लोक होते. इंग्रजी फारसं कुणाला येत नव्हतं, त्यामुळे डबा वाटून खातानासुद्धा मोडकंतोडकं इटालियनच. गंमत म्हणजे अख्ख्या मिलानमध्ये मी सगळ्यात जास्त इटालियन बोलले ते त्या वर्गात. जागा पटकन भरतात. सप्टेंबरच्या आत चौकशी करा.

नवऱ्याच्या वा बायकोच्या नोकरीमुळे जाणार असाल तर शहर निवडायचा प्रश्नच येत नाही, मिलान तर मिलान. तिथे चिपिआ धरा. 2012पासून पहिल्यांदा वर्षभराचा किंवा त्याहून मोठा राहण्याचा परवाना घेणाऱ्यांना दोन वर्षांत ए-टूइतकं बोलता येणं अपेक्षित आहे, तेव्हा हे टळणार नाही. भाषेच्याच व्हिसावर, हातात सहा-आठ महिने घेऊन जाणार असाल तर मात्र डोळे मिटून पेरुजा.

कागदपत्रं दोन्हीकडे सारखीच: उतरल्यापासून कामाच्या आठ दिवसांत पोस्टातून परवान्याचा अर्ज, 16 युरोचं मुद्रांक तिकीट, सोळा अक्षर-आकड्यांचा कोदिचे फिस्काले, म्हणजे कर-क्रमांक. परवान्याला ‘पेरमेस्सो’ म्हणतात, आणि कुणाच्या घरात पाऊल टाकताना, भरलेल्या बसमधून वाट काढतानाही हाच शब्द. ‘येऊ का?’ सारखा.

भाषेला घाबरू नका. ‘मी पिआचे’ची बांधणी थेट ‘मला आवडतं’ची आहे. ‘पाला’ म्हणजे फावडं, ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. पता-पत्ता म्हणणाऱ्या जिभेला हा फरक शिकवावा लागत नाही, इंग्रज वर्गमित्र मात्र घाम गाळतात.

आणि कुठेही जा, ऑगस्टच्या मध्यात उतरू नका. 15 ऑगस्टला तिथेही सुट्टी असते, फेर्रागोस्तो, आणि तिच्या आगेमागे दुकानं बंद. मिलानमध्ये मी वाचायला शिकलेलं पहिलं इटालियन वाक्य शटरवर चिकटवलेलं होतं: ‘किउझो पेर फेरिए’. सुट्टीनिमित्त बंद.