‘९९०० एमएएच’चा सेल आणि बाजारातली लबाडी

मेमरी कार्डवर भजनं, कीर्तनं नाहीतर अहिराणी गाणी वाजवणारा डबा खानदेशात घरोघरी सापडतो. रात्रीची लाइट असली की केळीला पाणी भरताना बांधावर तोच सोबतीला. काही वर्षांत त्याचा सेल उतरतो आणि मालक सेल बदलायला निघतो. फसवणूक होते ती इथे.

यावलकडच्या एका नानांच्या डब्याचं घ्या. बाजारच्या दिवशी टेबल मांडून बसणाऱ्याने जुना सेल काढून निळ्या वेष्टनातला नवा घातला. वर ठळक छापलेलं: ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप). “नाना, आता आठ दिवस चार्जिंगचं नाव काढू नका!” साडेतीनशे रुपये घेतले. डबा दीड तास वाजला आणि बंद पडला. परत गेल्यावर उत्तर मिळालं, “सेल चांगलाय, तुमचं कार्ड गेलंय.” म्हणजे कार्डाचे पैसे वेगळे. सेल सोनाराच्या काट्यावर ठेवला तेव्हा भरला २४ ग्रॅम.

या डब्यांत बहुधा १८६५० मापाचा सेल असतो: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. चांगल्या कंपनीचा असा सेल ४२ ते ४९ ग्रॅम भरतो आणि त्याची क्षमता साधारण २००० ते ३५०० एमएएच असते. एवढ्याशा नळीत ९९०० मावतच नाही. तो आकडा छापणारा खोटंच बोलतोय. वजन तिशीच्या आत असेल तर आत कमी माल आहे. कधी नळीत लहानसा सेल बसवून उरलेल्या जागेत पूड भरलेली असते. खात्री करायला सेल फोडू मात्र नका, पेट घेतो. काटा पुरेसा आहे, आणि जळगावात सोनाराचा काटा शोधायला लांब जावं लागत नाही.

साध्या मोबाइलच्या चपट्या बीएल-५सी बॅटरीचंही तेच. नोकियाच्या मूळ बॅटरीवर ८५०, ९७०, १०२० असे आकडे असत. त्याच मापावर २६०० दिसलं तर हात लावू नका. पाकिटासारख्या चंदेरी सेलवर ५०३४५० असा नंबर असतो: जाडी ५.०, रुंदी ३४, लांबी ५० मिलिमीटर. तिन्हींचा गुणाकार करून ८ ते ९ ने भागा. ८५०० भागिले ८.५, म्हणजे १००० एमएएच. छापील आकडा याच्या दीडपट-दुप्पट असला तर लेबल खोटं.

दुकानदार हमखास मीटर लावून दाखवतो: “बघा, ४.१ व्होल्ट, फुल!” व्होल्टेजवरून सेल किती भरलाय ते कळतं, त्यात माल किती मावतो ते कळत नाही. दमलेला सेलसुद्धा चार्ज केल्यावर, लोड नसताना (म्हणजे काही वाजत नसताना) ४.१ दाखवू शकतो. आवाज वाढवून ढोलकीचं गाणं लावा. सेलचा आतला रोध ०.३ ओहम असेल तर १ अँपिअर ओढताच ०.३ व्होल्ट पडतात. सेल अर्धा उतरला असला की डबा ठोक्यासरशी बंद होऊन पुन्हा चालू होतो. कार्डाचा दोष आहे म्हणतात तो बहुतेक वेळा हाच.

घरच्या घरी करता येण्याजोगी सोपी परीक्षा चार्जिंगच्या वेळेची. ९९०० एमएएचचा सेल १ अँपिअरने भरायला १० तासांपेक्षा जास्त लागतात. पूर्ण उतरलेला सेल लावून दीड तासात दिवा हिरवा झाला तर आत फार तर १५०० आहे. नेमकं मोजायचं तर सेल पूर्ण चार्ज करून १० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर जोडा आणि ३ व्होल्टपर्यंत किती वेळ लागतो ते बघा. प्रवाह सरासरी ०.३७ अँपिअर असतो. म्हणजे तीन तास चालला तर सुमारे ११०० एमएएच. रेझिस्टर चांगलाच तापतो, फरशीवर ठेवा, आणि ३ व्होल्टला लगेच काढा.

दुसरी लबाडी अदलाबदलीची. वायरचा डाग (सोल्डरचा जोड) सुटलेला असतो, सेल ठणठणीत असतो. तरी “गेला” म्हणून काढून घेतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विकतात. म्हणून डबा समोर उघडायला लावा आणि जुना सेल मागून घ्या.

आयपॉडवाल्यांना वेगळा गंडा. “कंपनीची नवीकोरी बॅटरी” असं कोणी म्हणालं तर आठवा की ॲपल कंपनीचा आयपॉड क्लासिक सप्टेंबर २०१४ मध्येच बंद झाला. त्या काळचा सेल न वापरताही म्हातारा होतो. तेव्हा मिळते ती दुसऱ्या कोणाची बॅटरी. ती चांगली असू शकते, पण कंपनीच्या भावाने घेऊ नका. क्लासिकच्या मागच्या पत्र्याला बॅटरी आणि हेडफोन जॅक, दोघांच्या पट्ट्या जोडलेल्या असतात. पत्रा हिसकला की पट्टी फाटते, आणि मग जॅकचं बिलही तुमच्याच माथी. उघडण्याआधी दोन्ही कानांत आवाज येतो का, ते दुकानदारासमोर ऐकून घ्या.

काम बघताना तीन गोष्टींवर नजर हवी. सेलच्या तोंडावर थेट डाग मारू देऊ नका, उष्णतेने आतलं सील बिघडतं. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंग करून आलेला सेल घ्या. पांढरं कनेक्टर सारखं दिसलं तरी लाल-काळी वायर उलट असू शकते, मीटरने तपासल्याशिवाय लावलं की चार्जिंगची आयसी जळते. आणि ४०० एमएएचच्या सेलला टीपी४०५६ची पट्टी (चार्जिंगचं छोटं सर्किट) तशीच जोडली तर ती १ अँपिअर ढकलते, सेल फुगतो. तिच्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ३ किलोओहमचा लावला की प्रवाह ४०० मिलिअँपिअरवर येतो.

फुगण्यात आपल्या उन्हाचाही वाटा असतो. बहुतेक सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि मे महिन्यात भुसावळला पत्र्याच्या शेडमध्ये तेवढं तापमान सहज होतं. चार्जिंग पहाटे करा.

बिलावर ‘बॅटरी बदलली’ एवढंच नको. सेलचं माप, क्षमता, वॉरंटीचे महिने आणि जुना सेल परत दिल्याची नोंद हवी. सेलवर भारतीय मानक ब्यूरोचा आर-पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तिथे बिल लागतं, आणि बाजारातला टेबलवाला ते देत नाही.