थायरोग्लोब्युलिन चाचणी: आकडा खरा, रकाना फसवा

थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि रेडिओआयोडीनचा डोस झाला की पुढची कित्येक वर्षं भिस्त असते ती या चाचणीवर. चाचणी अव्वल आहे. लॅबवाले ती ज्या पद्धतीने हाताळतात, त्याला मात्र पाचपैकी तीनच.

गफलत बुकिंगपासून सुरू होते. डॉक्टर चिठ्ठीवर ‘टीजी’ लिहितात आणि काउंटरवर त्याचं ट्रायग्लिसराइड होतं. रिपोर्टमध्ये 140 दिसलं की घरच्यांचं धाबं दणाणतं. आधी एकक बघा: मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर ती रक्तातली चरबी, थायरोग्लोब्युलिन नॅनोग्रॅम प्रति मिलीमध्ये येतं. ‘अँटी-टीजी’चं ‘अँटी-टीटीजी’ झालं तर गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिअॅक आजाराची चाचणी होऊन येते. ‘थायरॉइड प्रोफाइल’च्या पॅकेजात तर टीजी आणि अँटी-टीजी दोन्ही सहसा नसतातच. म्हणून पूर्ण नावं सांगून थायरोग्लोब्युलिन, अँटी-थायरोग्लोब्युलिन (थायरोग्लोब्युलिनविरुद्धच्या अँटिबॉडी) आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) एकाच वेळी घ्यायला लावा. यासाठी उपाशी राहायची गरज नाही.

खरी तक्रार रिपोर्टच्या उजव्या रकान्याबद्दल. थायरोग्लोब्युलिन बनतं ते थायरॉइडच्याच पेशींत, निरोगी किंवा कॅन्सरच्या. अख्खी ग्रंथी काढून उरलंसुरलं आयोडीनने जाळल्यावर ते जवळपास दिसायलाच नको. पण रकान्यात मर्यादा छापलेली असते ग्रंथी शाबूत असलेल्या माणसाची, उदाहरणार्थ 3.5 ते 77. मग 0.1 हा झकास आकडा ठळक टायपात ‘लो’ म्हणून येतो आणि 9 हा काळजीचा आकडा ‘नॉर्मल’मध्ये बिनबोभाट बसतो. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या 2015 च्या निकषांनुसार, थायरॉइड हार्मोनची गोळी चालू असताना 0.2 च्या खाली उत्तम. 1 किंवा जास्त असेल तर स्कॅन स्वच्छ असूनही शोध चालू ठेवायचा. मधलं सगळं अधांतरी. टीएसएच मुद्दाम वाढवून घेतलेल्या चाचणीत हेच आकडे 1 आणि 10. अर्धीच ग्रंथी काढली असेल तर यातलं काहीही लावू नका.

त्यामुळे लॅबची चाचणी किती खालपर्यंत मोजते हे आधी विचारा. ‘1 पेक्षा कमी’ एवढंच सांगणारा रिपोर्ट इथे कुचकामी.

अँटी-थायरोग्लोब्युलिन वगळून पैसे वाचवू नयेत. साधारण 20 ते 25 टक्के पेशंटांत या अँटिबॉडी असतात. नेहमीच्या यंत्रात दोन अँटिबॉडी थायरोग्लोब्युलिनला दोन्हीकडून चिमटीत धरतात. पेशंटच्या अँटिबॉडीने ती जागा आधीच अडवली की आकडा खोटा कमी येतो. अशा वेळी 0.1 वर खूश होण्यात अर्थ नाही. मग अँटिबॉडीचीच चाल बघायची: उतरत असेल तर ठीक, लागोपाठ चढत असेल तर डॉक्टरांना गाठायचं.

केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या (5 ते 10 मिलिग्रॅम) काही यंत्रांना चकवतात. थायरोग्लोब्युलिन आणि टीएसएच खोटे कमी, अँटिबॉडी खोटी जास्त. निदान दोन दिवस आधी बंद. रक्त काढणारा हे विचारेल या भरवशावर राहू नका.

लॅब बदलू नये. सगळे एकाच प्रमाण नमुन्यावर यंत्र जुळवत असले तरी आकडे जुळत नाहीत. त्याच लॅबनेही पद्धत बदललेली असू शकते, म्हणून रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेली पद्धत (सीएलआयए की ईसीएलआयए) दर वेळी ताडून बघा. बदल अटळ असेल तर एकदा एकाच दिवशी दोन्हीकडे नमुना द्या आणि नव्या आकड्यापासून पुन्हा मोजायला लागा. टीएसएच 0.05 असतानाच्या आकड्याची 12 असतानाच्या आकड्याशी तुलना करू नये. टीएसएच चढला की थायरोग्लोब्युलिनही चढतं.

थायरॉइड कॅन्सरच्या मेड्युलरी प्रकारात ही चाचणी निरुपयोगी. तिथे कॅल्सिटोनिन आणि सीईए या रक्तचाचण्या लागतात. कॅल्सिटोनिन गरमीत टिकत नाही. नमुना बर्फावर ठेवून सीरम लवकर वेगळं करावं लागतं. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीतून दोन तास फिरलेली नळी त्यासाठी चालत नाही. घरपोच सेवा सोडा आणि जिथे यंत्र आहे त्या लॅबमध्ये जाऊनच रक्त द्या.