सी वू तांग की श्याओ याओ सान?
पाळीच्या तक्रारींवर घेतली जाणारी ही दोन पारंपरिक चिनी औषधं. दोन्ही चीनच्या सोंग राजवटीतल्या सरकारी औषधग्रंथात आहेत आणि दोन्हीत डांग ग्वेई या चिनी वनस्पतीचं मूळ नि पांढरा पिओनी (फुलझाडाचं मूळ) पडतोच, पण काम वेगळं. सी वू म्हणजे 'चार वस्तू', वरून फक्त रेहमानिया आणि चुआनश्योंग या दोन मुळ्या, रक्त भरून काढायला, म्हणून तैवानमध्ये बायका पाळी संपल्यावर पितात, चिकनसूपमध्येही घालतात (हे मला जाम आवडलं). श्याओ याओ मुळात चूर्ण, छायहू (एक औषधी मूळ), आलं, पुदिना वगैरे, पाळीआधी चिडचिड, छाती जड, टेन्शन असेल तर. चिडचिडीला मी दुसराच म्हणेन, पण ठोस पुरावे दोन्हीचे कमीच, आणि वॉर्फरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना न विचारता डांग ग्वेईला हातच लावू नका.