वेल्सची सरकारी शाळा, ५ पैकी ४ स्टार

मावसबहीण नर्स म्हणून वेल्सला गेली, तिची पोरगी तिथल्या काँप्रिहेन्सिव्ह, म्हणजे निवड न करता सगळ्या पोरांना घेणाऱ्या शाळेत आहे आणि इकडे रावेरला बसून आम्ही सगळे त्या शाळेचे तज्ज्ञ झालोय. फी नाही, अ‍ॅडमिशनला परीक्षा नाही. पूर्वी असं नव्हतं बरं का, १९४४ च्या कायद्यानंतर ११ व्या वर्षी परीक्षा घेऊन पोरं निवडायचे, पास झालेले ग्रामर स्कूलला आणि बाकीचे दुसरीकडे. मग १९४९ ला वेल्सच्याच अँगलसी काउंटीत होलीहेडला सगळ्यांना एकत्र शिकवणारी शाळा निघाली, या प्रकारातल्या अगदी सुरुवातीच्या शाळांपैकी.

अभ्यासक्रम २०२२ पासून नवीन, त्यात शिकण्याची ६ क्षेत्रं आहेत, इतिहास भूगोल वगैरे सगळं ह्युमॅनिटीजमध्ये. त्यातच होमवर्क आलं, घरातल्या मोठ्या माणसाला कामधंद्याबद्दल विचारा. पोरीने व्हिडिओ कॉलवर आजीला केळीचं विचारलं आणि आजी लेवा बोलीत जी सुरू झाली, कंद कसे लावायचे, घड कोण कापायचं, वॅगनी कशा भरायचे, थांबेचना! टीचरने ते वर्गात वाचायला लावलं म्हणे. आपल्याकडे पोरगं वर्गात बोलीत बोललं की आधी दटावतात. तिथे इंग्रजी माध्यम असलं तरी वेल्श १६ वर्षांपर्यंत कंपल्सरी, त्यामुळे ही आता सकाळी फोन उचलला की 'बोरे दा' म्हणते.

एक स्टार कापला तो पाढ्यांसाठी. सतरा सक किती विचारलं की पोरगी कॅल्क्युलेटर शोधते.